माझा बाप जिवंत आहे

"अगं, एक बाई कमी पडते. हा फोटो धर आणि त्यांच्यात उभी राहून जा ने. कोणाला खबर पडणार आहे?"

असं म्हणून वहिनींनी माझ्या हातात एका मेलेल्या माणसाचा फोटो दिला. काचेची फ्रेम, वर चंदनाचा हार. अहमदाबादला, हायकोर्टाच्या बाहेर, भर सकाळी.

वहिनी म्हणजे आमच्या आमदारसाहेबांच्या पत्नी. बडोद्यात कारेलीबागेतलं त्यांचं कार्यालय त्याच चालवतात. घराणं बडोद्याच्या जुन्या राजवटीतल्या कारभाऱ्यांचं. हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. मी तिथे इंटर्न. राज्यशास्त्रात एम. ए. साहेबांची भाषणं लिहायची, पत्रकं लिहायची. माझे वडील गटारात उतरतात हेही वहिनींना माहीत होतं. कदाचित म्हणूनच घेतलं. पाहुणे आले की म्हणायच्या, "ही त्या समाजातली बरं का, पण किती चुणचुणीत आहे!" मी हसायचे. आज सांगायला लाज वाटते, पण हसायचे.

खटला चार कामगारांचा होता. ठेकेदाराने त्यांना गटार साफ करायला खाली उतरवलं. चौघेही गुदमरून मेले. ठेकेदार म्हणाला, आपल्या मर्जीने उतरले. चार घरं कोर्टात वर्षानुवर्षं झगडली आणि निकालाच्या आठवड्यात आमचे साहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यात एका घरचं कोणीच आलं नाही. कॅमेऱ्यासमोर तर चार फोटो हवे होते.

"वहिनी, पण माझे बाबा जिवंत आहेत," मी म्हणाले.

"हो गं. पण काम तेच करतात ने? मग फरक काय?"

फरक काय! मी गुपचूप फ्रेम पिशवीत घातली आणि आत गेले.

आमच्या कार्यालयाची पद्धत अशी की निकालाआधीच दोन पत्रकं तयार ठेवायची. जिंकलो तर एक नंबर, हरलो तर दोन नंबर. दोन्ही मीच लिहिली होती. निकाल लागला की लगेच बाहेर यायचं आणि वहिनींना फोनवर आकडा कळवायचा, एवढंच माझं काम.

न्यायमूर्ती इंग्रजीत वाचू लागले. आधी चार मृतांची नावं. तिसरं नाव रमण. मी पिशवीत डोकावले. फ्रेमच्या खाली तेच नाव लिहिलं होतं. सकाळपासून तो माणूस माझ्या हातात होता आणि मी त्याचं नाव वाचलंही नव्हतं. माझ्या दोन्ही पत्रकांत एकही नाव नव्हतं. 'पीडित कुटुंबे' असं लिहून मी मोकळी झाले होते. वहिनींना काय बोल लावू? त्यांच्या पंक्तीला मीही बसले होते.

मग निकाल. मर्जीचा प्रश्नच येत नाही. ज्याने माणूस खाली उतरवला, तोच त्याच्या मरणाला जबाबदार. ठेकेदाराला काम ज्याने दिलं, तोही सुटणार नाही.

मी उठणार, तेवढ्यात शेजारच्या जशीबेनने माझी बाही ओढली. तिचा नवरा त्या चौघांतला.

"बेन, साहेबे शुं कह्युं?" न्यायमूर्ती काय म्हणाले, असं विचारत होती.

तिच्याच खटल्याचा निकाल, आणि तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मी पुन्हा खाली बसले. आकडा गेला खड्ड्यात. आलेल्या तिन्ही घरच्या बायकांना मी एकेक वाक्य गुजरातीत सांगितलं. जशीबेन रडली नाही. एवढंच विचारलं, "एमने मोकल्या हता, एम लख्युं छे ने?" त्यांना पाठवलं होतं, असं लिहिलंय ना? लिहिलंय, म्हटलं.

बाहेर वहिनी पेटल्या होत्या. "एक आकडा कळवायचा होता! तुम्हा लोकांना कितीही वर आणा..." वाक्य अर्धंच सोडलं. मला ते पूर्ण ऐकू आलं. साहेब आले होते, कॅमेरे लागले होते. "चल, पिशवीतून फोटो काढ."

मी फ्रेम काढली आणि जशीबेनच्या हातात दिली. रमण तिच्याच गल्लीतला.

"मी उभी राहणार नाही. माझा बाप जिवंत आहे. तुमच्या बातमीसाठी मी त्याला मारणार नाही."

सगळ्यांसमोर बोलले. वहिनी हळूच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस." कशाला जाईन?

संध्याकाळी बडोद्याजवळ छाणीला घरी आले. बाबांना सगळं सांगितलं. ते घाबरले.

"साहेबांना दुखवलंस, पोरी? आपला ठेकेदार त्यांचाच माणूस आहे. मला उद्या सकाळी उतरायला बोलावलंय. नाही गेलो तर काम जाईल."

"जाऊ दे."

"आणि मी नाही उतरलो तर तो दुसऱ्याला उतरवील."

बाबांचं हे बोलणं खरं होतं. पण मी ठरवलंय. उद्या बाबा जाणार नाहीत, मी जाणार आहे. ठेकेदाराला सांगणार, कोणाला उतरवतोस त्याचं नाव लिही, मी उतरवतोय असं लिही, आणि खाली सही कर. तो करणार नाही, ठाऊक आहे. मग मी गटाराच्या झाकणावर बसणार. पोलीस आणू दे, साहेबांना आणू दे. झाकण उघडायचं असेल तर आधी मला उचलावं लागेल.