निळ्या रेघेच्या अक्का

"ह्यो भोंगा बंद कर रं. माणसं फुडंच बसल्यात." असं म्हणून अक्का कोपरानं माईक बाजूला सारायच्या आणि थेट बोलायला लागायच्या. पलूसमध्ये माझा मांडव-स्पीकरचा धंदा आहे. माईकला नको म्हणणारं दुसरं पुढारी माणूस मी पाहिलं नाही.

अक्का ब्लाउज शिवायच्या आणि पक्ष चालवायच्या. लाल झेंडा, त्यावर कृष्णेची निळी रेघ. तुम्हीही कधी पाहिला असेल. सातारा-सांगलीचा मुलूख वेगळा हवा, त्याचा कारभार इथल्याच कष्टकऱ्यांच्या हातात हवा आणि ज्याला गुंठाभर रान नाही त्यालाही नदीच्या पाण्यात वाटा हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा सभेत कुणीतरी टोमणा मारला, "अक्का, येगळा मुलूख झाल्यावर पुण्याला जायाला पासपोर्ट लागंल का?"

"तुला लागंल गड्या. तू तिकडनं आलास की बायकोशी हिंदी बोलतोस!"

सभा हसत सुटली. त्या वर्षी आमच्या नगरपरिषदेत पक्ष निवडून आला, अक्काही आल्या. मजुरांच्या वस्तीत पहिल्यांदा नळ आले. पाणी सुटलं त्या दिवशी अक्कांनी भाषण केलं नाही. पदर खोचला आणि बायकांच्या बरोबरीनं हंडे भरले.

मग पक्षाचे साताऱ्याचे नेते मोठ्या पक्षात गेले. त्यांच्यामागं एकेक करून सगळेच गेले. शेवटी तेच नेते हार घेऊन अक्कांच्या दारात आले. अक्कांची लाकडी खुर्ची मीच पुढं सरकवली.

"अक्का, आता आपला पक्ष ऱ्हायलाय कुठं?"

"आवं, मी बसलीया की हितं. च्या घ्या. हार तेवढा माघारी न्या."

ते गेल्यावर अक्कांनी शिवणमशीनला नवा दोरा ओवला. "लय विश्वास हुता रं ह्या माणसावर," एवढंच बोलल्या.

पुढची निवडणूक त्या एकट्या लढल्या आणि सपाटून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर आभार मानायला निघाल्या, मीही सोबत होतो. एक गृहस्थ त्यांना बघून परसात लपले. अक्का दारातूनच ओरडल्या, "आरं, भायेर ये! मत न्हाई दिलंस, पाणी तरी दे." ते खाली मान घालून तांब्या घेऊन आले. अक्कांनी पाणी पिऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली.

गेल्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात अक्का वारल्या. पक्षाचं नाव घेणारं आता कुणी उरलं नाही.

परवा मी एका कार्यक्रमाचं सामान उतरवायला नगरपरिषदेत गेलो होतो. मुख्याधिकारी साहेबांच्या खोलीत मजुरांच्या वस्तीतल्या बायका फरशीवर मांडी घालून बसलेल्या. नळाला चार दिवस पाणी नव्हतं.

साहेब वैतागून म्हणाले, "तुम्हाला आणलं कुणी? तुमचा पुढारी कोण?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यातली एक म्हणाली, "कुनी न्हाई. आमीच आलोय."

आणि त्या आणखी ऐसपैस बसल्या.