रणगाड्याच्या पोटाचा पत्रा

देव माती वाटायला निघाला तेव्हा आमच्या टेकडीपाशी येईतो त्याचं पोतं रिकामं झालं असावं. सगळी काळी माती खाली आंजी गावाकडच्या वावरांत सांडली आणि आमच्या वाट्याला आले दगड. हत्तीच्या पिल्लाएवढे, धारेचे, उन्हात चटका देणारे. त्या दगडांच्या पार वर माझी संत्र्याची बाग आहे. तिथं जायची वाट म्हणजे एक कोरडा नाला. मोटारसायकल त्यातून चढते, पण उतरताना आधी माणूस खाली येतो, गाडी मागून सावकाश येते.

म्हणून मी बंद पडलेल्या एका रिसॉर्टवरून जुनी एटीव्ही आणली. मोटारसायकलचं हँडल आणि ट्रॅक्टरच्या पोराची वाटावी अशी चार फुगीर चाकं. गावानं तिचं नाव चारपायी फटफटी ठेवलं. या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर वर. पोटात इंजिन, इंजिनात तेल, आणि त्या पोटाला दगड लागू नये म्हणून खालून एक जाड पत्रा ठोकलेला असतो. त्याला स्किड प्लेट म्हणतात. माझ्या गाडीसोबत आलेला पत्रा बिस्किटाच्या डब्याचं झाकण असावा. पहिल्याच दगडानं त्याला असा पोचा पाडला की त्यात कुत्र्याला पाणी ठेवता आलं असतं.

मग मी आंजीच्या वेल्डरकडून लोखंडाचा बसवला. लोखंड म्हणजे लोखंड, माणसाला हातात वजन लागलं की विश्वास बसतो. पण तो दगडावर घासला की वर्धा स्टेशनावरचे हमाल गाडी आली म्हणून उठून उभे राहत असतील, असा आवाज. शिवाय तो दगडाला धरून बसायचा. पुढं जायचा नाही, मागं यायचा नाही. एकदा वाकला तो वाकलाच, आणि तेल काढायच्या नटावर असा दाबून बसला की नट दिसेना. त्यानंतर अॅल्युमिनियम. हलका, देखणा, चकचकीत. नाल्यातल्या दगडांनी त्याची संत्र्यासारखी साल काढली.

"काऊन भाऊ, गाडी सोलून राह्यले का?" चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, आणि सगळी टपरी हसली.

मी तिथंच सांगून टाकलं की आता रणगाड्याच्या पोटाचा पत्रा येतोय. लष्कराच्या भंगारातला. वाळवंटात पेटत्या तेलावरून जाऊन आलेला. निखाऱ्यांवर गाडी घातली तर निखारेच घाबरून विझतील. माझ्या जिभेला ब्रेक कधीच नव्हता, आणि त्या दिवशी तर उतार होता.

घरी येऊन बायकोला म्हटलं, आता रणगाडा कुठून आणू? ती कणीक मळत होती.

"कोंबडीवाल्याकडचा पांढरा ठोकळा पाह्यला का तुमी? दिवसभर त्याच्यावर कोयता पडते, काई होते त्याले? तसल्या जाड प्लास्टिकचा भेटते का पाहा."

मी इतका हसलो की शेजारच्यांनी डोकावून पाहिलं. प्लास्टिक! बादली प्लास्टिकची, खुर्ची प्लास्टिकची, आता गाडीचं पोटही? पण रात्री पांघरुणाच्या आत मोबाईलवर शोधलं, तर बाईचं खरं निघालं. तसल्या घट्ट प्लास्टिकचे पत्रे खास दगडाच्या वाटांसाठीच करतात. मी गुपचूप मागवला. बोटभर जाड, काळा कुळकुळीत. काय सांगू, लोणी लावल्यासारखी गाडी दगडावरून सरकायला लागली! दगड लागला की पत्रा दबायचा आणि परत सरळ व्हायचा. आवाज नाही, पोचा नाही. जन्मात केलेली सगळ्यात बरोबर खरेदी ती, आणि नेमकी तीच मला सांगता येत नव्हती.

त्याला लोखंडी दिसावं म्हणून चंदेरी रंग फासला. त्या प्लास्टिकवर रंग टिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे पापुद्रे निघाले. मग मी रणगाड्याचं पोट काळंच असतं म्हणून सांगायला लागलो. टपरीवरचे लोक खाली वाकून पत्र्यावर बोटं वाजवायचे.

"आवाज नाई येत, भाऊ."

"खरं पोलाद बोलत नाई, बाप्पा. बोलतात ते डब्बे."

लोक हसायचे. माझ्या थापांवर गाव नेहमीच हसत आलं आहे, आणि हसणारा माणूस विश्वास ठेवत नाही, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त एक माणूस हसायचा नाही. माझ्या बागेच्याही वर ज्यांचं तुरीचं वावर आहे ते दादा. माझ्याहून थोडे मोठे, जन्मभर जंगलकामाला गेलेले, बोलणं मोजकं. मी थाप मारली की ते शांतपणे ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "मंग त्या रणगाड्याचं काय झालं, भाऊ?" मला तेव्हा मोठी गंमत वाटायची. आणखी दोन रणगाडे जोडून सांगायचो.

चैत्रातल्या एका दुपारी टेकडीच्या उतारावरचं गवत पेटलं. कशानं, ते कोणालाच कळलं नाही. दादा तेव्हा खाली माझ्या अंगणात होते, फवाऱ्याचा पंप परत करायला आलेले. त्यांचे दोन्ही बैल वरच्या वावरात गोठ्यात बांधलेले, आणि गोठ्याला लागूनच कुटाराचा, म्हणजे बैलांच्या वाळल्या चाऱ्याचा ढीग. आग नाला ओलांडून, माझी ओलिताची बाग बाजूला टाकून, गोठ्याच्या दिशेनं सरकत होती. वर जायला दोन वाटा. एक टेकडीला वळसा घालून, लांबची, नुसती पायवाट, गाडी न जाणारी. दुसरी सरळ नाल्यातून, पण तिथून आग नुकतीच पुढं गेली होती आणि मागं लाल निखाऱ्यांचा पट्टा ठेवून गेली होती.

"चाबी द्या भाऊ. नाल्यानं सरळ जातो. खाली नुसते निखारे हायेत, तुमच्या पत्र्याले निखाऱ्याचं काय!"

मला माझ्या पत्र्याचं काय होणार ते दिसत होतं. मेणबत्तीसारखा ठिबकला असता, आणि त्याच्या वर पेट्रोलची टाकी, आणि टाकीवर दादा.

एवढंच सांगायचं होतं. एक शब्द. मी म्हणालो, "गाडीत पेट्रोल नाई, दादा."

दादांनी ओट्यावरची पाण्याची बाटली उपडी केली, माझ्या मोटारसायकलची पेट्रोलची नळी ओढली आणि बाटली भरायला बसले. पेट्रोल बारीक धारेनं पडत होतं. मी पाहत उभा. बायको हौदात पोती भिजवून घेऊन आली आणि माझ्याकडे पाहायला लागली. तिला पत्रा ठाऊक होता. ती बोलू शकत होती, पण बोलली नाही. माझी वाट पाहत राहिली.

"ते सेल्फ-स्टार्टपन कधी कधी अडकते," मी म्हणालो.

"ढकलून चालू करू." दादांनी टाकीचं झाकण उघडलं. टाकी अर्धी भरलेली होती. त्यांनी एकदा टाकीत पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाटली खाली ठेवून सीटवर बसले. माझी चावी कायम गाडीलाच असते. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं.

"प्लास्टिकचा आहे," मी म्हणालो.

"काय?"

इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नव्हतं. अख्ख्या टपरीला पुरून उरणारा माझा गळा, तोच आता मला फाडावा लागला. "प्लास्टिक! पत्रा प्लास्टिकचा हाये! रणगाडा-बिणगाडा काई नाई!"

त्यांनी इंजिन बंद केलं. राग नव्हता चेहऱ्यावर. रस्ता चुकलेला माणूस जसा थांबून पुन्हा दिशा लावतो तसं काहीतरी होतं.

"मंग सांगाचं ना, भाऊ," ते म्हणाले, आणि बायकोच्या हातातली ओली पोती घेऊन वळशाच्या वाटेनं धावत सुटले.

मीही धावलो. माझ्या पोटाला धावायची सवय नाही, ते माझ्या आधी दमलं. मी पोचलो तेव्हा कुटाराचा ढीग झाडाएवढ्या ज्वाळेनं पेटला होता आणि गोठ्याच्या तुराट्यांच्या कुडानं पेट घेतला होता. धुरातून दादा दोन्ही बैल ओढत बाहेर येत होते. एका बैलाचं पुठ्ठं भाजलं होतं, केस जळून खालची कातडी उघडी पडली होती. तो ओरडत नव्हता. नुसता थरथरत होता, कानापासून खुरापर्यंत. मी त्याच्या अंगावर ओलं पोतं टाकायला गेलो तर दादा म्हणाले, "थांबा, मी टाकतो."

जितक्या वेळात एक बाटली भरते, तितक्या वेळात माणूस वळशाच्या वाटेनं कुठवर पोचतो, हे मी नंतर चालून पाहिलं आहे. गोठ्याच्या चांगलाच जवळ पोचतो.

चारेक दिवसांनी टपरीवर आगीचा विषय निघाला. मी होतो, दादाही होते. कोणीतरी विचारलंच, "अन् भाऊची फटफटी काऊन नाई नेली, दादा? तिले तर रणगाड्याचा पत्रा हाये!"

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवू शकलो नाही आणि वरही नेऊ शकलो नाही.

"मीच नाई म्हटलं," दादा म्हणाले. "निखाऱ्यावर पेट्रोलची गाडी कोन घालते?"

सगळ्यांना ते पटलं. जन्मभर मी हजार थापा मारल्या, त्यातली एकही कोणाला इतक्या सहज पटली नव्हती. आणि ही माझी नव्हतीच. ज्यानं कधी कोणाला खोटं सांगितलं नाही, त्यानं माझ्यासाठी सांगितली होती. मी तिथंच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे वळले, आता मोठी गोष्ट येणार म्हणून. "आणखी एकेक चहा सांगू का?" मी म्हणालो.

दगडाच्या वाटेसाठी कोणता पत्रा घ्यावा, असं आजही कोणी विचारलं तर मी जाड प्लास्टिकचाच सांगतो, आणि प्लास्टिक हा शब्द मोठ्यानं म्हणतो. त्याहून चांगला नाही. फक्त आगीपासून लांब ठेवा.

दादांचं वर्षभराचं कुटार जळालं, म्हणून माझ्याकडचं मी पोत्यांत भरून त्यांच्याकडे नेतो. पहिल्यांदा एटीव्हीवरून नेलं. गाडीच्या धुराचा वास आला की काय कोणास ठाऊक, तो भाजलेला बैल मागं मागं सरकत नव्या कुडाला जाऊन टेकला. त्याच्या पुठ्ठ्यावर केस परत आले नव्हते. दादांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "भिऊ नको रे. आपलेच भाऊ हायेत."

आता मी गाडी खालच्या वळणावरच बंद करतो. तिथून पोतं खांद्यावर घेतो आणि चालत जातो.