बार्ब्याचा दुसरा पेशा

रागवायच्या आधी परवानगी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. समोर खोटे राक्षस, हातात खोटी कुऱ्हाड, आणि हा टेबलाभोवती एकेकाकडे बघून हळूच विचारणार, "येऊ दे काय?" आम्ही तिघांनी "येऊ दे" म्हटल्याशिवाय त्याच्या मुठीतला फासा सुटायचा नाही. आम्ही हसत म्हणायचो. तो हसत नसे.

त्याचं खरं नाव सांगत नाही. आम्ही त्याला बार्ब्या म्हणायचो, कारण खेळात तो कायम बार्बेरियन व्हायचा. म्हणजे रानातला, अंगावर कातडं पांघरलेला, एकदा चिडला की कोणाच्या बापाला न आवरणारा योद्धा. प्रत्यक्षात हा काडीपैलवान. रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होता आणि हात इतका हलका की सुई टोचलेली कळायची नाही. दुसऱ्या कोणाला बघून भोकाड पसरणारी पोरं याच्यापुढे आपणहून हात करायची.

हा खेळ आमच्यात आणला नंदूने. पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो घरच्या आंब्याच्या धंद्यात परतला, तेव्हा त्याच्या सामानात चित्रविचित्र फासे आणि जाडजूड नियमपुस्तकं निघाली. रविवारी दुपारी त्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये रिकाम्या पेट्यांवर आमची बैठक जमायची. नंदू गोष्ट चालवणारा मास्तर. खेळायला त्याची बायको सुवर्णा, बार्ब्या आणि मी. प्रत्येकाने एक पात्र कागदावर रचायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं, लढायचं. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. या वयात बाई राक्षस मारते म्हणून लोकांनी भुवया उंचावल्या, त्या त्यांच्या त्यांनी खाली घेतल्या.

पात्र मुरलं की त्याला दुसरा पेशा जोडता येतो. बार्बेरियनला काय जोडावं यावर आम्ही पत्रिका जुळवत बसावं तशी डोकी फोडायचो. माझं गणित साफ होतं: फायटर, म्हणजे कवायत शिकलेला शिपाई. नाहीतर रोग, म्हणजे लपून वार करणारा. दोन्ही रागाला पूरक. बार्ब्याने निवडला क्लेरिक, म्हणजे मंत्र म्हणणारा देवाचा माणूस. आता नियमच असा की राग अंगात आहे तोवर बार्बेरियनला मंत्र म्हणता येत नाही. एका पेशाने दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप घालायचं, याला काय अर्थ? वर, क्लेरिक व्हायला शहाणपणाचे गुण लागतात म्हणून या गृहस्थाने ताकदीचे गुण कापले होते. ताकद कापलेला बार्बेरियन म्हणजे बिनमिठाचा खारा बांगडा, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

तो म्हणाला, "ताकद येणारा घेऊन येतो, ताई. शहाणपण घरात लागतं."

लढाई संपून राग उतरला की त्याचा क्लेरिक जागा व्हायचा. बार्ब्या डोळे मिटून प्रत्येक वेळी तेच शब्द म्हणायचा, "आलास तसा जा. ह्या घर माजा हाय." कागदाच्या तळाशी ते पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं. सुवर्णाला त्या वेळी शेडमध्ये गार वाटायचं. पत्र्याची शेड, ऑक्टोबरची दुपार, बाहेर कावळासुद्धा ओरडत नाही अशी वेळ, आणि हिला म्हणे गार वाटतं. मी तिची चिक्कार थट्टा केली. पण सांगायचं तर त्या क्षणी मीही माझ्या पाठीमागच्या दाराकडे एकदा बघून घेत असे.

फळ्यावर चुकलेलं उत्तर राहिलेलं मला सोसत नाही. दोनतीन महिने मी त्याच्या मागे लागले आणि एका रविवारी जिंकले. क्लेरिक खोडून फायटर लिहायला तो तयार झाला. एवढंच विचारलं, "मग घालवायचं कोणी?" मी म्हटलं, नियमातच आहे, ठरावीक फेऱ्यांनंतर राग आपोआप उतरतो. त्याने मान हलवली आणि रबराने पेशा खोडला, तळाची ओळही खोडली.

त्या दुपारी लढाई झकास झाली. शिपाई आणि रानटी मिळून राक्षसांची चटणी करत होते आणि मी खुशीत बेरजा करत होते. शेवटचा राक्षस पडला. नंदू म्हणाला, राग उतरला. बार्ब्याचा उतरला नाही. तो ताठ बसून होता, पापणी हलत नव्हती, आणि त्या एवढ्याशा छातीतून दुप्पट माणसाचा श्वास ऐकू येत होता. मग घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात त्याने नंदूला विचारलं, "कोनाचा रं तू?" नंदूला वाटलं नाटक चाललंय. त्याने हसत वडिलांचं नाव सांगितलं. आवाजाने नंदूच्या पणज्याचं नाव घेतलं. ते नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं; नंदूने संध्याकाळी आत्याला फोन करून खात्री केली.

मग तो माझ्याकडे वळला. मी भ्याले, सरळ सांगते. त्याचा कागद ओढला, फायटरवर काट मारली, क्लेरिक लिहिलं आणि खोडायला लावलेली ती ओळ मीच म्हटली. एकदा म्हटली, काही नाही. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्याने डोळे चोळले, पाणी मागितलं आणि विचारलं, माझी पेन्सिल कोणी मोडली?

त्याने सगळं सांगितलं ते त्यानंतर. पूर्णगडच्या अलीकडे त्याचं गाव. त्याच्या घरातल्या एका पुरुषाच्या अंगात दर जत्रेला मूळपुरुषाचं वारं येतं आणि गाव त्याला आपले प्रश्न विचारतं. वीसेक वर्षं ते त्याच्या वडिलांच्या अंगात आलं. गेल्या वर्षीच्या जत्रेत आलं ते गेलंच नाही. आठ दिवस वडील घरभर फिरत आपल्याच मुलाला, तू कोणाचा, विचारत होते. नवव्या दिवशी वारले. आता गाव म्हणतं, पाळी याची. मुंबईला पळून उपयोग नव्हता. वडिलांच्या आधी काका पळाला होता, त्याला तिथे चाळीत आलं. खेळात हा बिचारा येणं आणि जाणं यांचा सराव करत होता, आणि मी त्याला बेरजा शिकवत होते. मला फार लाज वाटली.

"यायचं ते येईल," तो म्हणाला. "मला फक्त परत यायला जमलं पाहिजे. नाही जमलं तर तू म्हण, ताई." मी शब्द दिला.

जत्रेला गेले. उन्हं कलती होती. ढोल थांबले आणि देवळाच्या अंगणात तोच घोगरा आवाज बोलायला लागला. झऱ्याचं पाणी का आटलं, अमक्याच्या घरात दुखणं का हटत नाही, एकेकाने विचारलं आणि आवाजाने उत्तरं दिली. लोक पाया पडून मागे सरले. आता जायची वेळ. बार्ब्याचे ओठ हलताना मला दिसले. "आलास" एवढं उमटलं आणि तुटलं. पुन्हा उमटलं, पुन्हा तुटलं. मी पुढे झाले.

माझ्याआधी त्याची आई पोचली होती. किरकोळ अंगाची, मोकळ्या कपाळाची बाई. तिने त्याचा हात हातात घेतला आणि त्याला घरातलं सांगायला लागली: गाय व्याली, पडवीची कौलं बदलली, थोरलीला दिवस गेलेत. नवऱ्याने ओसरीवर बसून द्यावा तसा हुंकार तो आवाज देत होता. ती मध्येच हसलीसुद्धा. मी तोंड उघडलं, तेव्हा मागे न बघता ती म्हणाली, "थांब गो बाय जराशी. वर्साभरान आयकत्ये ह्यो आवाज."

मी थांबले. का थांबले ते मला आजही मांडून दाखवता येत नाही. तिला नाही म्हणवेना, एवढंच. तिचं बोलून झालं तोवर ऊन देवळाच्या शिखरावरूनही गेलं होतं. मग मी म्हटलं. तीनदा म्हटलं, दहादा म्हटलं, रडत म्हटलं. तो माझ्याकडे फार मायेने बघत होता, गावात आलेल्या पाहुण्या पोरीकडे बघावं तसा.

याला दोन वर्षं झाली. तो वारला नाही. गावातच असतो, सुई ओळखत नाही, फोन ओळखत नाही, आणि लांबून लांबून लोक त्याला विचारायला येतात. मध्यंतरी मी जाऊन आले. आईची तब्येत सुधारलेली दिसली, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी चाचरत विचारलं, मुलगा कसा आहे? तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"तो हितं कुठं असतो? रत्नाग्रीस नाय काय कामाला? वर्सभर फिरकला नाय मेला," ती म्हणाली, आणि निरोप द्यायला पायरीपर्यंत आली. "तुमच्यातच असतो ना तो. तूच बघ गो त्याच्याकडं."

मी बरं म्हटलं.