कोणालाच ऐकू आलं नव्हतं

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात माझा बाप राजा असायचा. एरवी त्याला कोण विचारतो? विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि वर्धेच्या बाजारात नेऊन विकायचा, एवढंच त्याचं जगणं. पण तोरणाखाली सजवलेल्या बैलांच्या रांगा लागल्या, की अख्खं गाव त्याच्या तोंडाकडे पाहायचं, कारण झडत्या म्हणाव्या तर त्यानंच.

झडती म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईकडच्यांना सांगावं लागतं. तोरण तुटून बैल सुटायच्या आधी एकेक जण पुढं येतो आणि दोन-चार ओळींत कोणाचीही खेचतो. पाटलाची, सोसायटीच्या चेअरमनची, स्वतःच्या सासऱ्याचीसुद्धा. मग सगळे ओरडतात, ‘हर बोला हर हर महादेव!’ त्या दिवशी कोणी राग धरायचा नसतो. आमचे पाटील तर आपल्यावर झडती झाली नाही म्हणून एकदा रुसले होते.

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. रेडिओवर सगळं छान चाललं होतं. गाड्या वेळेवर येत होत्या म्हणे. आम्हाला कुठं जायचं होतं गाडीनं! आमच्याकडे यायची ती नसबंदीवाल्यांची जीप. ती दिसली की बाप्ये माणसं कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन लपायची आणि आम्ही पोरी त्यांच्या भाकरी घेऊन जायचो. आधी आम्हाला हसू यायचं. मग आमच्या शेजारचे काका सापडले. त्यांना लेकरूच नव्हतं. त्यानंतर आम्ही नाही हसलो.

त्या पोळ्याला बापानं टोपी सरळ केली आणि हात वर करून म्हणाला,

‘जीपवर जीप आली, जीपीत बसले सायब,
सायब शिरले गावात, त माणसं झाले गायब!’

असा हशा उठला की बैल बिचकले. एक म्हातारबा हसता हसता खालीच बसले. ‘अजून एकडाव, भाऊ!’ करून लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. मी शाळेच्या ओट्यावरून एकेक तोंड पाहत होते. आजही कोण कुठं उभं होतं ते सांगू शकते.

दोन दिवसांनी पोलीस आले. बाप वांगी तोडत होता. सरकारच्या विरोधात बोलला म्हणून तसाच अनवाणी घेऊन गेले.

माय मला घेऊन ठाण्यात गेली. ठाणेदार काही राक्षस नव्हता, हेच मला अजून सलतं. म्हणाला, ‘बाई, गावातली पाच माणसं आणा. एवढंच सांगू द्या, की ही पोळ्याची रीत आहे आणि ऐकून सगळे हसले. मी सोडून देतो. उद्या कागद वर्धेला गेले, की माझ्या हातात काही नाही.’

माय वाटेनं जवळजवळ पळतच आली. ‘पाच काय, पन्नास आनतो,’ म्हणत होती.

पहिलं दार म्हाताऱ्याचं, जो हसून खाली बसला होता. ‘माय, माह्ये कानच गेले आता,’ म्हणे. दुसरा म्हणाला, ‘मी त बैल धरून मांगं होतो वो वैनी. गलबल्यात काई आयकूच नाई आलं.’ तिसऱ्याच्या बायकोनं सांगितलं, वावरात गेलेत. त्याचे जोडे उंबऱ्यातच होते, मेल्याचे! पाटील खाली मान घालून म्हणाले, ‘मले भेव लागते, वैनी.’ तेवढे एकटेच खरं बोलले. दिवे लागेपर्यंत माय दारोदार फिरली, कुठं पदर पसरला, कुठं पाया पडली. सगळ्या गावाला एका दिवसात बहिरेपण आलं होतं.

एकच माणूस चपला घालून आला. शेजारचे काका. ‘चला वैनी. माह्यं आता काय कापतीन?’ म्हणाले.

पण ठाणेदाराला पाच पाहिजे होते.

सरकार पडलं तेव्हा बाप तुरुंगातून घरी आला. वाळून गेला होता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायच्या आधीसुद्धा तो दाराकडे पाहायचा. ‘अवो, घरच हाय आपलं,’ माय म्हणायची आणि चुलीकडे तोंड करून रडायची.

त्या साली पोळ्याला गावाला नुसता ऊत आला. पडलेल्यांवर झडत्यांवर झडत्या! ज्यांचे कान गेले होते तेही ओरडत होते. बापाला धरून पुढं ढकललं. ‘म्हना ना भाऊ, आता कायचं भेव?’

बाप कासरा धरून उभा राहिला.

‘म्हनतो,’ तो म्हणाला. ‘पन आयकू येईन का कोनाले?’

झडतीची सुरुवात आहे समजून दोघंतिघं हसले. बापानं बैल वळवले. तोरणानंतर बैल घरोघरी नेतात, बायका पाय धुऊन ओवाळतात. बैलांना दारं पाठ होती. प्रत्येक दारी ते सवयीनं थांबत, बाई ताट घेऊन पुढं येई आणि बाप कासरा ओढून पुढं नेई. एकाच दारी त्यानं त्यांना उभं राहू दिलं. काकूंनी ओवाळलं तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाप पुन्हा तोरणाखाली गेला नाही. सात-आठ वर्षांनी वारला. तेरवीच्या पंगतीत लोक म्हणाले, ‘काय माणूस होता! ते जीपीची झडती आठवते?’ आणि एकेकानं ती म्हणून दाखवली. सगळ्यांना तोंडपाठ होती, एक शब्द इकडचा तिकडे नाही. माय हातातलं वरणाचं भांडं तिथंच ठेवून आत निघून गेली.

हुकूमशाही कशी येते, हे आता मोठमोठे लोक भाषणांत सांगतात. सांगोत बापडे. आमच्याकडे ती आली तेव्हा तिला अडवायला पाच माणसं पुरली असती, आणि मला आजही कुठं ती पाच दिसत नाहीत.

हे सगळं मी नावागावानिशी लिहिलं होतं. कोण मागं उभा होता, कोणाचे जोडे उंबऱ्यात होते, सगळं. वर्धेजवळ नालवाडीच्या घरी मुलाला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, उठून दार लावलं, मग हळूच म्हणाला, ‘आई, नावं काढ.’

‘अरे, पन्नास वर्षं झाली! मेले ते सगळे. आता कोणाला भ्यायचं?’ मी त्याच्यावर ओरडले.

तो दाराकडे पाहत राहिला, अगदी माझ्या बापासारखा.

मी नावं काढली.