अक्कासाठीची चिकटवही

माझ्याकडे एक चिकटवही आहे आणि तिच्यात चिकटवलेलं काहीच नाही. पानापानाला भोकं आहेत. मुलगी दोनदा म्हणाली, "आई, टाकून दे ना ते." मी तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं, पण वही काही टाकली नाही.

मी सहावीत होते. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहायचो. आईला क्षय झाला म्हणून मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. अण्णा गिरणीत पाळीला जायचे. घरात मी एकटी, आणि स्वयंपाक म्हणाल तर आनंदच. तेव्हा शेजारच्या अक्कानं मला न विचारताच ताब्यात घेतलं. ती तेलुगू बोलणारी, नवरा घरातच मागावर चादरी विणायचा, पोटी मूल नाही. सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "रा अम्मा!", म्हणजे ये गं बाळ, की मी फणी घेऊन पळायची. ती वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे वर ओढले जायचे. मी ओरडले की म्हणायची, "रडू नको, शाळेत सुटल्या तर तुज्या आईला काय तोंड दाखवू?" मग चिंचेचं सार आणि गरम भात. त्या साराची चव पुढं मला कुठंच मिळाली नाही. किती घरी करून बघितलं!

आईचं पत्र आलं की मी ते अक्काच्याच उंबऱ्यावर बसून वाचायची. अक्काला कुठलीच लिपी येत नव्हती. मी नुसतं म्हणायचं, "अक्का, बस, पत्र आलंय," की ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची थांबायची, हात पदराला पुसायची आणि समोर मांडी घालून बसायची. पत्र माझ्या आईचं, आणि डोळे पुसणार ही.

त्याच वर्षी शाळेत बाईंनी चिकटवही करायला सांगितली, फुलापानांची. ती मी कशीबशी उरकली. खरी वही केली ती अक्कासाठी. आई बरी होऊन येणार असं कळलं होतं, आणि अक्काला काहीतरी द्यावं असं मला फार वाटत होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून वस्तूच चिकटवायच्या, म्हणजे बघून तिला कळेल. लाल रिबिनीचा तुकडा. तिनं मला माळलेल्या गजऱ्यातली अबोली. मला ताप आला तेव्हा तिनं अंगावर घातलेल्या चादरीच्या काठाचे धागे. आईच्या पत्रावरचं तिकीट. प्रत्येकाखाली मी आपलं एकेक वाक्य लिहिलं, शाळेची सवय, दुसरं काय!

डिंक कुठला आमच्याकडे? अक्काच्या अंगणात सुताला लावायची पिठाची खळ शिजायची, त्यातलीच वाटीभर गुपचूप उचलली. चांगली थापून थापून लावली. आणि दिवाळीला द्यायची म्हणून वही ज्वारीच्या पोत्यामागं लपवली. काय ही अक्कल! पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, उंदीर लागू नये म्हणून. मागवाले घालत नाहीत. त्यांचं सूत लगेच मागावर चढतं, उंदराला सवड कुठली? इतकी वर्षं खळीच्या वासात वाढले, पण हे मला ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला आई आली. दिवाळीच्या तोंडावर अक्काच्या नवऱ्याला भिवंडीला यंत्रमागावर काम लागलं आणि दोन दिवसांत त्यांचं बिऱ्हाड निघालं. ट्रकमध्ये ट्रंका चढत होत्या तेव्हा मी धावत जाऊन पोत्यामागून वही काढली. उघडून बघते तर काय! जिथं जिथं खळ, तिथं तिथं उंदरांनी कुरतडलं होतं. रिबीन नाही, अबोली नाही, धागे नाहीत, तिकीट नाही. राहिली होती फक्त खालची वाक्यं. तिला वाचता न येणारी.

बाहेरून हाक आली, "रा अम्मा!" मी गेले, पण वही पाठीमागं धरून. अक्का ट्रकमध्ये बसली होती. "काय हाय गं हातात? दे की, बघू." मी मान हलवली. अशी घाण वही कशी द्यायची? रडू येत होतं म्हणून मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "रुसलीस व्हय माज्यावर? मी जाते म्हणून?" ट्रक सुरू झाला. मी रुसले असंच समजून ती गेली.

भिवंडीचा पत्ता आमच्याकडे नव्हता. तिला लिहिता येत नव्हतं. पुढं पेठेतल्या कुणाकुणाला विचारलं, कुणालाच नीट माहीत नव्हतं.

मी अजून ती वही उघडते. "तू माझ्या वेण्या घातल्यास म्हणून." वर भोक. "तापात चादर घातलीस म्हणून." वर भोक. "आईचं पत्र ऐकलंस म्हणून." हे वाक्य आलं की मला स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. अगं, वर्षभर तिला वाचून कोण दाखवत होतं? ट्रकपाशी जाऊन नुसतं म्हणायचं होतं, "अक्का, बस, पत्र आलंय." ती उतरली असती, हात पदराला पुसून तिथंच रस्त्यावर मांडी घालून बसली असती.