मोतीकाकांचे शिंपले

मोतीकाकांनी आयुष्यात एकही मोती काढला नाही. तरी अख्खं गाव त्यांना मोतीकाकाच म्हणायचं, आणि हा टोमणा आहे हे कळूनही ते या नावाला ओ द्यायचे. तेही अभिमानानं. कळमनुरीच्या अलीकडं, कयाधू नदीच्या काठावर आमचं गाव. तिथं त्यांची पिठाची गिरणी, आणि गिरणीला लागून आमचं घर. त्यामुळं त्यांची प्रत्येक थाप मला पिठाआधी गरम गरम मिळायची.

मोत्यांचं खूळ त्यांच्या डोक्यात मोबाइलनं घातलं. शिंपल्यात मणी बसवा, तळ्यात सोडा आणि मोती काढा, असं त्यात कुणीतरी हसत हसत सांगत होतं. काकांनी दुसऱ्याच दिवशी गावाखालच्या डोहात गडी उतरवले. डोहाच्या तळाशी, वाळूत, शिंपल्यांचा थर असायचा. पाय टाकला की टोचायचा. तो काकांनी झाडूनपुसून पोत्यांत भरला आणि आपल्या शेततळ्यात नेऊन ओतला. कुणी विचारलं की म्हणायचे, "पुढच्या साली गिरणी बंद. नांदेडचे सराफ माझ्या दारात उभे राहतेत, बघ."

थोड्याच दिवसांत शेततळ्याला असा वास सुटला की सराफ राहोत, कुत्रंही तिकडं फिरकेना. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर ना गाळ, ना वाहतं पाणी. बहुतेक शिंपले तोंड उघडून मेले. काकांनी दोष हवेला दिला, पाण्याला दिला, आमच्या नजरेला दिला. स्वतःचं नाव तेवढं घ्यायचं राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात डोहाचं पाणी हिरवंगार झालं. म्हशीसुद्धा आत बसायला कां-कू करू लागल्या. जगलेले थोडे शिंपले काकांनी अंगणातल्या टाकीत ठेवले होते. काकूंनी एकदा त्या टाकीत नदीचं तेच हिरवं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर टाकीचा तळ दिसत होता. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा, हे जीव पाणी गाळून राहिले. अन् तुमी नदीची गाळणीच उचलून आणली!"



दुसऱ्या दिवशी काका उरलेले शिंपले घेऊन डोहात उतरले, तेही नदीवर उपकार केल्याच्या ऐटीत. मग हिंगोलीच्या कॉलेजातल्या एका सरांचं डोकं खाऊन आले आणि दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला पकडून सांगू लागले, "शिंपल्याची लेकरं माशाच्या कल्ल्यात बसून फुकट फिरतेत, आपल्या पुढाऱ्यावानी. मासा वाचला तर शिंपला वाचंल." पाण्यात विषारी पावडर टाकून मासे मारणाऱ्यांच्या मागं ते काठी घेऊन धावायचे. धाप लागली की खाली बसायचे आणि बसल्या जागेवरून शिव्या द्यायचे.

खरी गाठ पडली वाळूच्या ट्रॅक्टरशी. तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणालाच माहीत नव्हतं. वाळूबरोबर शिंपलेही ट्रॉलीत जात. काका ग्रामसभेत तावातावानं बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ट्रॅक्टर चालूच राहिला. मग काकांनी ट्रॅक्टरवाल्याच्या घरचं दळण बंद केलं. त्याची म्हातारी आई ज्वारीचा डबा घेऊन आली, तेव्हा म्हणाले, "माय, घरी वाळू हाय की. तिच्याच भाकरी थापा."

गावात दुसरी गिरणी नव्हती. म्हातारीनं घरी जाऊन लेकाचा असा उद्धार केला की ट्रॅक्टरनं आमचा डोह सोडला. खालच्या गावाचा धरला, हे खरं. पण आमचा सोडला.

त्यानंतर काका रोज डोहात उतरून वाळू चाचपायचे. जुने शिंपले होते, नवा काही सापडत नव्हता. लोक खवचटपणे विचारायचे, "मोतीकाका, पीक कधी निघतं?" ते "निघंल" म्हणायचे. बाकीच्या थापांवर त्यांचा स्वतःचा तरी विश्वास असायचा. या एका शब्दावर तोही नसावा.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदयाचं दुखणं वाढलं आणि त्यांना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. भेटायला निघण्याआधी मी डोहावर गेलो. वाळूत बोटं खुपसली, तर करंगळीच्या नखाएवढा शिंपला लागला. शेजारी आणखी होते. एक ओल्या रुमालात गुंडाळून मी नांदेड गाठलं.

काकांनी तो तळहातावर घेतला. बोटानं उलटासुलटा करून पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"गाढवा," ते म्हणाले, "काहून काढलास त्याला? लेकरू हाय ते. जाय, ठिवून ये."

"काका, आत्ताच तर आलो. उद्या सकाळी..."

"उद्यापर्यंत मरंल ते. ऊठ!"

काकूंनी रुमाल पुन्हा भिजवून माझ्या हातात दिला. मिळाली ती एसटी धरून मी परत आलो, डोहात उतरलो आणि शिंपला होता तिथं वाळूत रोवला. काठावर येतो तोच फोन वाजला. काकू होत्या.

"ठिवलास का?"

"ठेवला."

"बरं केलंस," काकू म्हणाल्या. "ते गेले रे. जाईपर्यंत तेच विचारून राहिले होते."