कार्डिओमायोपथीची फोड

डॉक्टरांनी शब्द उच्चारला आणि बाबांनी तो लगेच फोडायला घेतला. उभा जन्म मुंबईतल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवून ते शहराबाहेरच्या बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीत राहायला आले होते. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नव्हतं. मोठा शब्द दिसला की त्याची फोड करायची, हा आमच्या घरचा रिवाज. जेवताना, पाहुण्यांत, कुठेही. आता शब्द त्यांच्याच छातीत शिरला होता, तरी रिवाज चालूच.

कार्डिया म्हणजे हृदय, आणि आपलं हृदय त्याच मुळातलं. मायो म्हणजे स्नायू. पण ग्रीकांकडे त्याच शब्दाचा अर्थ उंदीर. स्नायू कातडीखाली उंदरासारखा पळतो म्हणे. आपला मूषक त्याचाच भाऊबंद. पॅथॉस म्हणजे सोसणं. हे सगळं मला परतताना रिक्षात ऐकावं लागलं. मी हो हो करत होतो. वाटत काहीच नव्हतं. भाजी घ्यायची राहिलीय, एवढंच डोक्यात होतं.

मग भेटायला येणारे सुरू झाले. हातात शहाळी, चेहऱ्यावर ठेवणीतलं दुःख. समोरच्या गुजराती काकींनी विचारलं, "भाईसाब को हुआ क्या है?" झालं! बाबा उशीला टेकून बसले. "देखो, ग्रीक लोग चूहे को क्या बोलते थे..." माणसं हसतच बाहेर पडायची. काकी तर जिन्यात मला म्हणाल्या, "एकदम फिट हैं." त्या हसण्याचा मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

आई चहा द्यायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती सोडून सगळं तिला मिळत होतं. डॉक्टर तिला म्हणायचे, "बघू या." मीही तेच म्हणायचो.

एका दुपारी पाहुणे गेल्यावर ती कपबशा तशाच ठेवून बाबांच्या पायाशी बसली.

"तुमचं सगळं पाठ झालं मला," ती म्हणाली. "हृदय झालं, उंदीर झाला, सोसणं झालं. आता सांगा, हे बरं होतं का?"

साध्या प्रश्नालाही बाबा कधी थोडक्यात उत्तर देत नसत. आता कुठून सुरुवात करतात, याची मी वाट बघत राहिलो.

"नाही," ते म्हणाले.

आई थोडा वेळ त्यांच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली.

"मग आता लोकांना शिकवणं बास," ती म्हणाली. "माझ्याशी बोला."